पद्मिनीला इलेक्ट्रिक फॅन बसवायचाय? आधी हे वाचा, मग पाना हातात घ्या

एप्रिल लागला की जुन्या गाडीवाल्यांचा एकच प्रश्न सुरू होतो, गाडी तापते, इलेक्ट्रिक फॅन टाकू का. टाका की, पण कशासाठी टाकताय ते आधी नीट समजून घ्या, कारण निम्म्या लोकांच्या गाडीला फॅनचा आजारच नसतो, रेडिएटर चोंदलेला असतो आणि मग नवा फॅन लावूनसुद्धा काटा तिथेच जातो आणि दोष फॅनला. मी इथे प्रीमियर पद्मिनी धरून लिहितोय, म्हणजे तीच ती कुर्ल्याला बनायची ती फियाट ११००, १०८९ सीसीची. अ‍ॅम्बेसेडरलाही बहुतेक सगळं लागू पडतं, फरक असेल तिथे सांगतो.

मूळ रचना काय आहे ते बघा. फॅन वॉटर पंपाच्या पुलीवर बोल्टने आवळलेला असतो, आणि पंप, फॅन, डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) हे सगळं एकाच बेल्टवर फिरतं. म्हणजे इंजिन जेवढं फिरणार तेवढाच फॅन फिरणार. सिग्नलला गाडी उभी आहे, आरपीएम ७००-८००, समोरून वारा शून्य, नेमका तेव्हाच फॅन सगळ्यात हळू. आणि हायवेला ७०-८० ने चाललात की जाळीतून वारा भरपूर येतो, फॅनची काही गरज नसते, पण तो आपला इंजिनची ताकद खात गरगरतोच. इलेक्ट्रिक फॅन हे उलटं करतो, गरज असेल तेव्हा पूर्ण स्पीडने आणि नसेल तेव्हा बंद. ट्रॅफिकमध्ये फरक खरंच जाणवतो, बोनेटखालचा घोंघाट कमी होतो, सकाळी इंजिन लवकर गरम होतं. अ‍ॅव्हरेज वाढतं म्हणून कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या, वाढलंच तर पेट्रोल पंपावर कळण्याइतकं नाही वाढत.

पण एक गोष्ट फारसं कोणी सांगत नाही. घाटात दुसऱ्या गिअरवर गाडी चढतेय, इंजिन ३००० च्या आसपास ओरडतंय, तेव्हा तो जुना फॅन जबरदस्त हवा खेचत असतो. छोटा इलेक्ट्रिक फॅन ट्रॅफिकमध्ये पास होतो आणि कसारा किंवा खंबाटकी चढताना नापास होतो. म्हणून फॅन निवडताना सिग्नल डोळ्यासमोर ठेवू नका, घाट ठेवा.

आधी गाडीची तब्येत

रेडिएटर शेवटचा कधी उघडला होता आठवतंय का? नसेल आठवत तर रॉडिंग करून घ्या, म्हणजे रेडिएटरवाला टाक्या झाळ काढून उघडतो आणि नळ्यांमधून पट्टी फिरवून क्षार काढतो. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घातलेल्या रेडिएटरमध्ये निम्म्या नळ्या बंद निघाल्या तरी नवल नाही. नंतर नळाचं पाणी नको, डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट घाला नाहीतर तयार मिक्स कूलंट घ्या.

दुसरं म्हणजे थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाण्याची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारा वॉल्व्ह. आपल्याकडे मेकॅनिक लोकांची सवयच आहे, गाडी तापली की थर्मोस्टॅट काढून फेकायचा. इलेक्ट्रिक फॅन लावणार असाल तर तो परत बसवाच, ८२ डिग्रीचा बघा, कारण फॅनचा स्विच तापमानावर चालतो आणि थर्मोस्टॅट नसला तर पाण्याचं तापमान कुठेही भटकतं. नवा आणला तरी घरी तपासून घ्या, पातेल्यात पाणी, त्यात दोऱ्याने टांगलेला थर्मोस्टॅट आणि थर्मामीटर, गॅस लावा आणि कितीला उघडायला लागतो बघा (पातेलं जुनं घ्या, घरात वाद नको).

मग रेडिएटर कॅपचं रबर, वॉटर पंपाच्या खालच्या भोकातून पाणी झिरपतंय का, टायमिंग मागे गेलंय का, म्हणजे स्पार्क उशिरा पडतोय का, हे बघा. टायमिंग मागे असलं की इंजिन हमखास तापतं आणि लोक रेडिएटर बदलत बसतात. इंजिन थंड असताना कॅप काढून स्टार्ट करा, पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले तर हेड गॅस्केटचा संशय घ्या आणि फॅनचं बजेट तिकडे वळवा.

डायनॅमो की ऑल्टरनेटर

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जुन्या डायनॅमोची ताकद २०-२५ अँपिअरच्या घरात, आणि तीसुद्धा इंजिन बऱ्यापैकी फिरत असताना. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, तो जवळजवळ काहीच देत नाही, चार्जिंगचा दिवा मिणमिणतो तो उगाच नाही. आता हिशेब करा, हेडलाइटचे दोन ५५ वॉटचे बल्ब म्हणजे ९ अँपिअर, वर मागचे दिवे, वायपर, इग्निशन, आणि त्यावर फॅनचे ८-१० अँपिअर. पावसात रात्री दादरच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास अडकलात तर हे सगळं बॅटरीतून जाणार, आणि मग फॅन असूनही धक्का मारायची वेळ.

म्हणून डायनॅमो असेल तर आधी त्याच्या जागी ऑल्टरनेटर बसवा, आयडललाही चार्जिंग देणारा नव्या पद्धतीचा जनरेटर, ४५ अँपिअरच्या आसपासचा पुरतो. बऱ्याच पद्मिनींमध्ये हा बदल आधीच झालेला असतो, बोनेट उघडून बघा. हे काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, कारण जुना कटआउट (डायनॅमोचं चार्जिंग सांभाळणारा डबा) सर्किटमधून बाहेर काढावा लागतो, चार्जिंगच्या दिव्याची वायर बदलते, आणि बॅटरीकडे जाणारी मुख्य वायरसुद्धा जाड टाकावी लागते, जुन्या बारीक वायरवर नवा ऑल्टरनेटर म्हणजे आग लावायची तयारी. ऑल्टरनेटर नकोच असेल, सगळं ओरिजिनल ठेवायचं असेल, तर माझं स्पष्ट मत, इलेक्ट्रिक फॅनचा नाद सोडा आणि रेडिएटर चांगला करून घ्या, पद्मिनी त्याच फॅनवर मुंबईत टॅक्सी म्हणून दशकानुदशकं पळाली आहे.

फॅन कुठला

मारुती ८००, ओम्नी, झेन, अल्टो यांचे फॅन सगळीकडे मिळतात, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा पुण्यात नाना पेठेत फिरलात तर जुने-नवे दोन्ही सापडतील. जुना घेणार असाल तर बॅटरी लावून चालवून बघा, हाताने पातं फिरवून बेअरिंगचा खरखर आवाज येतो का बघा, आणि शक्य असेल तर क्लॅम्प मीटर लावून करंट मोजा. चांगला मोटर स्थिर झाल्यावर ७ ते १० अँपिअर घेतो, त्याच साइझचा फॅन १४-१५ खात असेल तर ब्रश नाहीतर बुश गेलेत, ठेवून द्या परत.

फॅन एकटा घेऊ नका, त्याच्याबरोबरचा श्राउड पण घ्या, म्हणजे ते प्लास्टिकचं कडं. श्राउड नसला तर फॅन फक्त स्वतःच्या गोलापुरती हवा खेचतो, कोपऱ्यांतला रेडिएटर नुसता शोभेला. रेडिएटरच्या जाळीचं माप घेऊन जा, कागदाचा तेवढाच तुकडा कापून नेला तर दुकानात फॅन त्यावर ठेवून लगेच कळतं. अ‍ॅम्बेसेडरचं इंजिन १४८९ सीसीचं, तिथे ८०० चा एक फॅन मला कमी वाटतो, मोठा घ्या नाहीतर दोन छोटे शेजारी शेजारी.

आता मागे की पुढे. इंजिनच्या बाजूला बसवला तर तो हवा खेचतो, गाडीच्या तोंडाकडच्या जाळीच्या बाजूला बसवला तर ढकलतो. जागा असेल तर मागेच बसवा. पुढे बसवलेला फॅन हायवेला येणाऱ्या वाऱ्याच्या आडवा उभा राहतो आणि जाळीतून दिसतोही, जुन्या गाडीच्या तोंडावर प्लास्टिक बघवत नाही. जुना फॅन काढल्यावर वॉटर पंपाची पुली आणि रेडिएटर यांच्यात किती जागा उरते ते मोजा, त्यातून मोटरची खोली वजा करा, किमान २०-२५ मिलिमीटर मोकळे राहिले पाहिजेत कारण इंजिन रबर माउंटिंगवर हलतं, ब्रेक मारला की पुढे येतं. मोटर नेमका पुलीसमोर येत असेल तर फॅन थोडा बाजूला सरकवा, मध्यभागीच पाहिजे असं काही नाही.

खेचणारा फॅन वायर उलट्या जोडल्या की ढकलायला लागतो हे खरं, पण पात्यांचा बाक एकाच दिशेसाठी असतो, उलटा फिरवला तर हवा बरीच कमी पडते. त्यामुळे ज्या बाजूसाठी बनलाय त्याच बाजूला लावा.

जुना फॅन काढताना

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. इंजिन थंड असू दे. रेडिएटर बाहेर काढून काम केलंत तर हात नीट जातो आणि जाळीच्या फिन्स पण वाकत नाहीत, नाहीतर जाळीवर पुठ्ठा लावून ठेवा. फॅनचे बोल्ट सोडा, पण थांबा, तेच बोल्ट पुलीलाही धरून असतात. फॅनची जाडी गेली की तेच बोल्ट परत लावल्यावर जास्त आत जातात आणि पुढे टेकतात, तुम्हाला वाटतं आवळले गेले, प्रत्यक्षात पुली सैल. म्हणून तेवढ्या जाडीचे वायसर टाका नाहीतर आखूड बोल्ट घ्या, आणि स्प्रिंग वायसर विसरू नका. बेल्ट काढून टाकायचा नाही हं, पंप आणि ऑल्टरनेटर त्याच्यावरच आहेत. परत ताण देताना दोन पुलींच्या मधे अंगठ्याने दाबा, साधारण १०-१२ मिलिमीटर दबला की बास.

फॅन धरायचा कसा

बाजारात रेडिएटरच्या जाळीतून आरपार घालायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या मिळतात. पाच मिनिटांत फॅन बसतो आणि काही महिन्यांत त्याच जागी रेडिएटर गळायला लागतो, कारण फॅनचं सगळं वजन त्या नाजूक फिन्सवर, खड्ड्यागणिक घासलं जातं आणि नळीला भोक पडतं. आपले रस्ते तुम्हाला माहिती आहेत.

त्यापेक्षा ३ मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी किंवा २० मिलिमीटरचा अँगल घ्या, रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना जे ब्रॅकेट असतात त्यांच्यावर वर एक आणि खाली एक अशा आडव्या पट्ट्या टाका आणि श्राउडचे कान त्यांच्यावर बोल्ट करा, मध्ये रबराचे ग्रोमेट. फॅनची पाती जाळीपासून १०-१५ मिलिमीटर लांब राहू देत. श्राउडच्या कडेला आणि जाळीला फट असेल तर तिथे दरवाजाच्या बीडिंगसारखं रबर लावा म्हणजे हवा बाजूने पळत नाही. सगळं आवळून झालं की फॅन हाताने फिरवा, पूर्ण फेरा कुठेही न घासता झाला पाहिजे.

थर्मोस्विच

हा पाण्याच्या तापमानावर चालणारा स्विच, फॅन कधी चालू आणि कधी बंद हे याच्यावर. दोन आकडे लिहिलेले असतात, उदाहरणार्थ ९२/८७, म्हणजे ९२ ला चालू आणि ८७ ला बंद. बसवायच्या दोन जागा. एक म्हणजे रेडिएटरच्या खालच्या टाकीत, पितळी टाकी असेल तर रेडिएटरवाला आटे पाडलेला पितळी नट झाळून देतो, रॉडिंगच्या वेळीच हे करून घ्या म्हणजे दोनदा खर्च नाही. खाली पाणी थंड होऊन आलेलं असतं त्यामुळे तिथे ८८ ते ९२ ला चालू होणारा स्विच बघा. दुसरी जागा वरच्या होजमध्ये, म्हणजे रेडिएटरच्या रबरी पाइपमध्ये, होज कापून मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा जोड टाकायचा आणि त्यात स्विच, तिथे पाणी इंजिनातून थेट येतं म्हणून ९५/९० चालतो. वरच्या जागेला एक नियम पक्का धरा, स्विच बंद व्हायचा आकडा थर्मोस्टॅटच्या ८२ च्या वर पाहिजे, नाहीतर फॅन एकदा सुरू झाला की बंदच होणार नाही.

होजमधल्या जोडाची एक गंमत आहे. एका पिनचा स्विच स्वतःच्या अंगातून अर्थ घेतो, आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना रबर, म्हणजे अर्थच नाही. तिथे जोडाला क्लिपने धरून एक वेगळी वायर बॉडीला न्यावी लागते. दोन पिनचा स्विच घेतला तर ही कटकटच नाही, मी तरी तोच घ्या म्हणेन. आट्यांवर टेफलॉन टेप गुंडाळू नका, तांब्याचा वायसर टाका. जाळीत खुपसायची ती काडीसारखी सेन्सर येते ती मला आवडत नाही, होजखाली घातली तर गळते आणि फिन्समध्ये घातली तर आकडा चुकतो.

वायरिंग

फॅन सरळ स्विचवरून किंवा इग्निशनच्या वायरवरून चालवायचा नाही, मध्ये रिले पाहिजेच, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. सुरू होताना मोटर क्षणभर दुप्पट-तिप्पट करंट ओढतो, डॅशबोर्डचा बिचारा स्विच वितळेल. चार पिनचा ३० किंवा ४० अँपिअरचा १२ व्होल्टचा रिले घ्या, खाली आकडे लिहिलेले असतात.

३० नंबरला बॅटरीच्या प्लसवरून येणारी वायर, मध्ये फ्यूज, आणि हा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत, कारण फ्यूजच्या आधीची वायर बॉडीला घासली तर तिला वाचवणारं कोणी नाही. ८-१० अँपिअरच्या फॅनला २० चा फ्यूज. ८७ वरून फॅनच्या प्लसला. फॅनचा मायनस बॉडीला, तिथला रंग खरवडून उघड्या पत्र्यावर थिंबल (वायरच्या टोकाला चेपायची धातूची कडी) बसवा, स्क्रू आवळला की वरून थोडं ग्रीस. ८६ ला अशी लाइन जी चावी ऑन केल्यावरच जिवंत होते. ८५ वरून थर्मोस्विचला आणि तिथून बॉडीला. बास, एवढंच आहे.

बॅटरी, रिले, फॅन या मार्गावर २.५ स्क्वेअर मिलिमीटरची वायर किमान, लांब जाणार असेल तर ४ ची. बाकी दोन्ही वायरींना १ स्क्वेअर पुरते. वायर गाडीची घ्या, बारीक तारांची लवचिक, घरातल्या फिटिंगची कडक एकतारी वायर कंपनाने तुटते. थिंबल पक्कडीने चेपू नका, क्रिंपिंगचा पाना वापरा, आणि वर स्लीव्ह. गाडीच्या जुन्या फ्यूज बॉक्समधून फॅनची लाइन अजिबात घेऊ नका, तो त्या काळच्या चार दिव्यांसाठी बनलाय.

डॅशखाली एक छोटा स्विच टाका, थर्मोस्विचला समांतर, म्हणजे ८५ वरून अजून एक वायर त्या स्विचला आणि तिथून बॉडीला. घाट सुरू व्हायच्या आधीच फॅन चालू करता येतो. आणि पावसाळ्यासाठी ८६ च्या वायरमध्ये अजून एक स्विच टाकलात तर फॅन पूर्ण बंद करता येतो, साचलेल्या पाण्यातून जाताना फिरती पाती पाण्यात गेली तर वाकून जाळीत घुसतात. रिले बसवताना पिना खाली ठेवा, पाणी आत साठत नाही. वायरींवर जाळीदार स्लीव्ह घाला, उंदीर लोकांना नवी वायर फार आवडते.

एखादी जुनी इंग्लिश बनावटीची गाडी असेल तर पॉझिटिव्ह अर्थ असू शकते, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला, बॅटरीची कुठली वायर बॉडीला गेलीय ते आधी बघा. तिथे रिले चालतो, पण फॅनच्या दोन्ही वायरी अदलाबदल कराव्या लागतात नाहीतर तो उलटा फिरेल.

चालवून बघा

कूलंट भरा, कॅप उघडी ठेवून इंजिन चालू करा, हवा निघेल तशी पातळी उतरते, भरत रहा, मग कॅप लावा. डॅशचा स्विच दाबा आणि पुढच्या जाळीपुढे वर्तमानपत्राचा कागद धरा, तो रेडिएटरकडे ओढला जाऊन चिकटला तर दिशा बरोबर, उडून तुमच्या अंगावर आला तर वायरी उलट्या. मग स्विच बंद करून आयडलला उभी करा आणि फॅन आपोआप कधी लागतो बघा. मीटरमधल्या जुन्या काट्यावर फार विसंबू नका, इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर थर्मोस्टॅटच्या घराजवळ मारा. फॅन लागला, थोडा वेळ चालला, बंद झाला, परत लागला, असं चक्र दोन-तीनदा झालं की समजा स्विच बरोबर. सतत चालूच राहिला तर स्विचचा आकडा खाली आहे नाहीतर हवा कमी पडतेय. या वेळी हात लांब, फॅन कधीही सुरू होतो, आणि गरम कॅप उघडायची नाही.

आता मल्टिमीटर. आयडलला फॅन, हेडलाइट, वायपर सगळं चालू करून बॅटरीवर व्होल्टेज बघा. १३.२ च्या वर असेल तर निवांत, १२.५ च्या खाली जात असेल तर बॅटरी खर्च होतेय, आयडल थोडा वाढवा किंवा ऑल्टरनेटरकडे बघा. नंतर मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी फॅनच्या प्लसवर, फॅन चालू असताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवत असेल तर कुठेतरी जोड ढिला नाहीतर वायर बारीक आहे. दहा मिनिटांनी रिले आणि फ्यूज होल्डरला हात लावा, कोमट ठीक, चटका नको.

जुना फॅन, त्याचे बोल्ट, सगळं एका पिशवीत नाव टाकून ठेवा. ५० वर्षांपुढच्या गाडीचं व्हिंटेज रजिस्ट्रेशन २०२१ पासून सुरू झालंय आणि त्यात गाडी मूळ रूपात असण्याला महत्त्व आहे, रॅलीत परीक्षकही बोनेट उघडून बघतात, म्हणून कुठेही बॉडीला कापाकापी न करता, उद्या सगळं परत काढता येईल असंच काम करा.

डिकीत एक जादा रिले, दोन फ्यूज आणि हातभर वायर टाकून ठेवा. रस्त्यात काटा चढला आणि फॅन लागत नसेल तर आधी डॅशचा स्विच दाबा. त्यानेही नाही लागला तर फ्यूज बघा, मग रिले बदला. तरीही नाही, तर रिले उपसून ३० आणि ८७ च्या खाचांमध्ये ती वायर दोन्ही टोकं सोलून घाला, फॅन सरळ सुरू होईल, घरी येईपर्यंत चालेल, फक्त गाडी बंद केल्यावर वायर काढायला विसरू नका, नाहीतर सकाळी बॅटरी सपाट.